जुना कॉम्प्युटर विकण्यापूर्वी

पुतण्या पीयूसीला (अकरावी-बारावीला) गेला तेव्हा त्याच्यासाठी बेळगावातून एक जुना डेस्कटॉप घेतला होता. दुकानदाराने माझ्यासमोरच फॉरमॅट मारून दिला. घरी आणल्यावर शंका आली म्हणून पुसलेल्या फाइली परत मिळवून देणारा एक मोफत प्रोग्रॅम मी त्यावर चालवला. तासाभरात पडद्यावर कुणा मुलीचे एसएसएलसीचे (दहावीचे) मार्क्स कार्ड, शेताचा पहाणी उतारा आणि बँकेच्या पासबुकाचे पहिले पान उमटले. ती डिस्क मी त्याच रात्री पूर्णपणे पुसली. त्या कुटुंबाला याची कल्पनाही नसेल, आणि त्यांची काही चूकही नव्हती, कारण फॉरमॅट म्हणजे सगळे गेले असेच आपल्याला सांगितले जाते. प्रत्यक्षात झटपट फॉरमॅटमध्ये फाइलींच्या जागांची यादी तेवढी जाते, खालचा मजकूर त्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत तसाच राहतो.

म्हणून विकायचे ठरल्यावर विंडोज टाकण्याची घाई करू नये. आधी आपल्या कामाच्या फाइली बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्याव्यात आणि ती डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून चार फाइली खरोखर उघडतात का, हे पाहावे. आपल्या बेळगाव भागात येथे एक वेगळी अडचण येते. लग्नपत्रिका, मंडळाचे अहवाल, ग्रामपंचायतीचे अर्ज असा पुष्कळ मजकूर श्रीलिपी किंवा नुडी (कन्नड टायपिंगचा प्रोग्रॅम) यांच्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला असतो. हे जुने फाँट युनिकोडचे, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरवर सारख्या चालणाऱ्या पद्धतीचे, नसल्यामुळे ज्या कॉम्प्युटरवर ते नाहीत तेथे तीच फाइल निरर्थक अक्षरांची रांग होऊन उघडते. अशा प्रत्येक महत्त्वाच्या फाइलीची पीडीएफ जुन्या कॉम्प्युटरवरच करून ठेवावी, आणि फाँटच्या फाइलीही सोबत घ्याव्यात.

दुकानाचा कॉम्प्युटर असेल तर हिशेबाच्या टॅली प्रोग्रॅमचे लायसन्स त्याच्यातूनच ‘सरेंडर’ (परत) करावे, म्हणजे नव्या मशीनवर ते विनासायास चालू होते. मायक्रोसॉफ्टचे खाते आणि ब्राउझरमधले गूगल खाते यांतून बाहेर पडावे, आणि खात्याच्या वेबसाइटवरील उपकरणांच्या यादीतूनही हे मशीन काढून टाकावे. बायोसला (मशीन सुरू होताना विंडोजच्या आधी चालणाऱ्या प्रोग्रॅमला) पासवर्ड घातला असेल तर तो आत्ताच काढावा, कारण नंतर त्यासाठी गिऱ्हाईक आपल्याच दारात येईल.

पुसण्यापूर्वी नव्या प्रणालीचा पेन ड्राइव्ह तयार असला पाहिजे, कारण डिस्क पूर्ण पुसली की कंपनीने त्यात ठेवलेला रिकव्हरीचा भागही जातो. किमान ८ जीबीचा रिकामा पेन ड्राइव्ह घ्यावा आणि मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरील मीडिया क्रिएशन टूलने त्यावर विंडोज उतरवून घ्यावी. वाय-फायचा ड्रायव्हरही (तो भाग विंडोजकडून चालवून घेणारा प्रोग्रॅम) वेगळा डाउनलोड करून ठेवावा. तो नसेल तर नव्या विंडोजला इंटरनेट मिळत नाही आणि इंटरनेट नाही म्हणून ड्रायव्हर मिळत नाही, अशी कोंडी होते.

आता मुख्य काम. बॅकअपची डिस्क आधी उपसून बाजूला ठेवावी. कॉम्प्युटर पेन ड्राइव्हवरून सुरू करावा (डेल आणि लेनोवोमध्ये बहुधा एफ-१२, एचपीमध्ये एफ-९) आणि विंडोजची पहिली खिडकी आली की शिफ्ट व एफ-१० एकत्र दाबावेत. काळ्या खिडकीत ‘डिस्कपार्ट’ (diskpart) ही आज्ञा द्यावी आणि ‘लिस्ट डिस्क’ने (list disk) यादी पाहावी. ५०० जीबीची हार्ड डिस्क तेथे ४६५ जीबी अशी दिसते, पेन ड्राइव्ह त्याहून कितीतरी लहान दिसतो. आकारावरून खात्री करूनच ‘सिलेक्ट डिस्क’ (select disk) आणि तिचा क्रमांक द्यावा, मग ‘क्लीन ऑल’ (clean all). नुसते ‘क्लीन’ पुरेसे नाही, त्याने फक्त विभागांची नोंद जाते. ‘क्लीन ऑल’ डिस्कच्या प्रत्येक जागी शून्य लिहिते. ५०० जीबीला दीड-दोन तास, जुन्या डिस्कला त्याहून अधिकही लागतात, आणि तेवढा वेळ पडद्यावर काहीच हलत नाही. मशीन अडकले असे समजून बटण दाबू नये. पावसाळ्यात वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो, तेव्हा डेस्कटॉप यूपीएसवर असावा आणि लॅपटॉप चार्जरला लावलेला असावा.

एसएसडीला (फिरत्या तबकडीऐवजी चिपांवर साठवणाऱ्या डिस्कला) मात्र ही रीत योग्य नाही. तिच्यात आपण लिहिलेली गोष्ट नेमकी कोणत्या पेशीत जाईल हे तिचा कंट्रोलर ठरवतो आणि काही राखीव जागेला बाहेरून हात लागत नाही. तेथे बायोसमधला किंवा त्या कंपनीच्या प्रोग्रॅममधला ‘सिक्युअर इरेज’ वापरावा.

कोणती प्रणाली टाकावी, याबाबत माझे मत ठाम आहे. विंडोज १० ला मिळणारा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, त्यामुळे ती टाकून विकणे मला पटत नाही. विंडोज ११ साठी टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची सोय) आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. मशीन तसे असेल आणि पूर्वी त्यावर अस्सल विंडोज असेल तर लायसन्सची ‘प्रॉडक्ट की’ विचारली जाते तेव्हा ती नसल्याचा पर्याय निवडावा आणि होम किंवा प्रो यांपैकी पूर्वीचीच आवृत्ती घ्यावी. त्याच मदरबोर्डवर इंटरनेट लागताच लायसन्स आपोआप जुळते. मशीन जुने असेल किंवा लायसन्सच नसेल तर ‘अॅक्टिव्हेटर’ मारलेली, म्हणजे लायसन्स नसताना अस्सल भासवलेली, विंडोज कृपा करून देऊ नये. त्या प्रोग्रॅमसाठी अँटीव्हायरस बंद करावा लागतो, आणि सोबत आत काय शिरले हे देणाऱ्यालाही ठाऊक नसते. त्याच मशीनवर उद्या घेणारा माणूस बँकेचा पासवर्ड टाइप करणार असतो. अशा मशीनवर लिनक्स मिंट घालावे. ते मोफत आहे, ४ जीबी रॅमवर नीट चालते, आणि २२ या मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. गिऱ्हाइकाला मात्र हे विंडोज नाही, असे आधीच स्पष्ट सांगावे.

विंडोज बसवल्यावर देश विचारणाऱ्या पडद्यावर स्वतःचे नाव घालून खाते उघडू नये. तेथे कंट्रोल, शिफ्ट आणि एफ-३ एकत्र दाबावेत. मशीन खाते न मागता सुरू होते, त्यात ड्रायव्हर घालावेत, कॅमेरा, आवाज, यूएसबीची सगळी तोंडे तपासावीत. शेवटी समोर असलेल्या सिसप्रेपच्या खिडकीत पहिलाच पर्याय ठेवून ‘शटडाउन’ निवडावे. मिंटमध्ये हीच सोय सुरुवातीच्या यादीत ‘ओईएम इन्स्टॉल’ या नावाने आहे. दोन्हींत घेणारा पहिल्यांदा बटण दाबील तेव्हा त्याला नवे मशीन उघडल्यासारखे स्वतःचे नाव घालता येते.

सुरू करताना दरवेळी तारीख काही वर्षे मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपला आहे. तो बदलावा, नाहीतर चुकीच्या तारखेमुळे वेबसाइट उघडताना सुरक्षेचे इशारे येत राहतात. धूळ ब्लोअरने काढावी, पण आतला पंखा फिरू नये म्हणून तो बोटाने धरून.

मशीन देताना मराठी आणि कन्नड दोन्ही कीबोर्ड सेटिंगमध्ये कसे जोडायचे, ते घेणाऱ्याला दाखवावे. इन्स्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या कीबोर्ड मांडणीत इंग्रजी ‘के’च्या कळीवर मराठीतही ‘क’ आहे आणि कन्नडमध्येही ‘क’च आहे, त्यामुळे एक लिपी शिकलेल्या मुलाचा हात दुसरीवर लवकर बसतो. शाळेत दोन्ही भाषा लिहाव्या लागणाऱ्या आपल्याकडच्या घरात याचा मोठा उपयोग होतो. मग साध्या कागदाच्या दोन प्रतींवर तारीख, किंमत, मशीनचा सीरियल नंबर आणि घातलेली प्रणाली लिहून दोघांनी सह्या कराव्यात, आणि एक प्रत आपल्याकडे ठेवावी.