टेलिफोटो झूमची तुलना करताना या चुका टाळा

नवी 150-600 मिमीची टेलिफोटो झूम लेन्स घेतली, भर दुपारी भिगवणला पाण्यापलीकडचे फ्लेमिंगो टिपले, घरी आल्यावर पिसं पुसट दिसली आणि लेन्स 'सॉफ्ट' ठरली. घाईचा निकाल! तापलेली हवा थरथरत असते आणि तिच्यातून शे-दीडशे मीटरवरची कडा कुठलीच लेन्स धारदार देत नाही. लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर, 10 पट मोठं करून बघा. कडा लाटेसारखी हलत असेल तर त्या वेळी दोन लेन्स ताडून बघण्यात अर्थ नाही.

त्यापेक्षा सकाळी 15 मीटरवर, सेन्सरला समांतर, वर्तमानपत्राचं एक पान आडवं चिकटवा. 600 मिमीला क्रॉप सेन्सरच्या (35 मिमी फिल्मपेक्षा लहान सेन्सरच्या) चौकटीत ते जवळपास पूर्ण बसतं. पक्का ट्रायपॉड, कंप आवरणारं स्टॅबिलायझेशन बंद, स्वस्तातला यूव्ही फिल्टर काढलेला, 2 सेकंदांचा टायमर. पूर्ण उघड्या अपर्चरला (लेन्समधल्या प्रकाशाच्या भोकाला) आणि ते थोडं मिटवून एफ/8ला, व्ह्यूफाइंडरमधून (डोळा लावायच्या खिडकीतून) दहा-दहा फोटो काढा. दर वेळी फोकस रिंग फिरवून मुद्दाम फोकस घालवा आणि पुन्हा घ्या, हे विसरू नका. मग तेच सगळं लाइव्ह व्ह्यूमधून करा. लाइव्ह व्ह्यूचे फोटो शार्प आणि व्ह्यूफाइंडरचे सॉफ्ट आले, तर काच ठीक आहे, बॉडीशी, म्हणजे कॅमेऱ्याशी, फोकस जुळलेला नाही. निकॉन डी7200 किंवा कॅननच्या 7डी मार्क टूमध्ये तो मेन्यूतूनच जुळवता येतो. डी3500, डी5600मध्ये ती सोय नाही. बहुतेकदा सर्व्हिस सेंटरला बॉडी आणि लेन्स दोन्ही न्यावी लागतात. लाइव्ह व्ह्यूमध्येही पानाची एकच बाजू पुसट येत असेल, तर आतली काच सरकलेली असण्याची शक्यता मोठी. ती लेन्स बदलूनच घ्या.

निकॉन 200-500 आणि 150-600 यांची तुलना करताना दोन्हींचे फोटो 100 टक्के मोठे करून शेजारी ठेवतात, तेही चूक. 24 मेगापिक्सेलवर 500चा फोटो 600इतका क्रॉप केला की साधारण 16.7 मेगापिक्सेल उरतात. पक्षी दोन्हींत सारख्याच आकाराचा करा, मगच बोला. 200-500चा एफ/5.6 आणि 150-600चा एफ/6.3 यांत फरक फक्त एक-तृतीयांश स्टॉपचा आहे (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा), पण एफ/6.3वर 1.4 पटीचा टेलिकन्व्हर्टर (लेन्स आणि बॉडीच्या मध्ये बसणारं, चित्र मोठं करणारं जोडभिंग) लावला की एफ/9 होतो आणि बहुतेक डीएसएलआरचा ऑटोफोकस तिथे अडखळतो.

स्टॅबिलायझेशन हाताचा कंप आवरतं, पक्ष्याचे पंख थांबवत नाही. कॅननच्या क्रॉप बॉडीवर 600ला, हातात धरून, स्टॅबिलायझेशनशिवाय शटर स्पीड 1/1000 सेकंद धरा. उडत्या पक्ष्याला स्टॅबिलायझेशन असलं तरी 1/2000.

समोरच्या फांदीवरचा खंड्या फोकसच होत नसेल, तर आधी लेन्सच्या बाजूचा लिमिटर (कुठल्या अंतरात फोकस शोधायचा ते ठरवणारं बटण) बघा. सिग्मा 150-600 कंटेम्पररीवर तो '10 मीटर ते अनंत'वर असेल, तर 7 मीटरवरचा पक्षी तिला पकडताच येत नाही.

आणि जुन्या बॉडीसाठी घेत असाल तर निकॉनची एएफ-पी 70-300 नको. डी90वर ती हातानेही फोकस होत नाही, कारण तिची फोकस रिंग मोटरवर चालते आणि ती मोटर डी90ला चालवता येत नाही.