विधानसभा उमेदवाराचा खर्च: वही कशी सांभाळायची

महाराष्ट्रात विधानसभेच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा ४० लाख रुपये आहे, लोकसभेला ९५ लाख. पक्षाच्या सर्वसाधारण प्रचारखर्चाला मात्र मर्यादाच नाही. त्यामुळे कुठला खर्च उमेदवाराच्या अंगावर पडतो, हे ओळखता आलं की हिशोबनीसाचं निम्मं काम झालं.

अर्ज भरण्याच्या किमान एक दिवस आधी फक्त निवडणुकीसाठी वेगळं बँक खातं उघडा. ते उमेदवाराच्या एकट्याच्या नावावर असावं, नाहीतर निवडणूक प्रतिनिधीबरोबर संयुक्त. पैसा घरचा असला तरी आधी या खात्यात भरायचा, मगच खर्चायचा. एका व्यक्तीला किंवा दुकानाला अख्ख्या प्रचारात मिळून १०,००० रुपयांपर्यंतच रोख देता येते. घोळ होतो तो इथेच. बिछायतवाल्याला सोमवारी ४,०००, गुरुवारी ४,०००, शेवटच्या सभेला ५,०००: पावत्या लहान, बेरीज १३,०००. ज्याच्याकडे पुन्हापुन्हा जायचंय, त्याला पहिल्या दिवसापासून चेक किंवा ऑनलाइन द्या.

खर्चाच्या वहीत पांढरी पानं रोजच्या खर्चाची, गुलाबी रोखीची, पिवळी बँकेची. रोज रात्री लिहा. निवडणूक आयोगाचे खर्च निरीक्षक प्रचारकाळात ती तीनदा तपासतात आणि स्वतःच्या छाया नोंदवहीशी, म्हणजे पथकांना दिसलेल्या खर्चाच्या समांतर नोंदीशी, ताडून पाहतात. नागपूरच्या रेशीमबागेतल्या सभेला तुम्ही ३०० खुर्च्या लिहिल्या आणि व्हिडिओ पथकाच्या चित्रणात ८०० दिसल्या, तर फरकाबद्दल नोटीस येते. उत्तर लेखी द्या; गप्प बसलात की रक्कम वहीत चढलीच समजा. खुर्ची, मंडप, चहा, तर्री-पोहे यांचे दर जिल्हा निवडणूक अधिकारी पक्षांशी बोलून ठरवतात. ते दरपत्रक पहिल्याच दिवशी आणा, एखादा दर जास्त वाटला तर तेव्हाच हरकत घ्या.

इतवारीतल्या समर्थकाने मंडप फुकट दिला तरी त्याची किंमत लिहावी लागते. अर्ज भरण्याआधी छापलेली पत्रकं नंतर वाटली तर तीही खर्चात येतात. प्रत्येक पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता हवा. परवाना काढलेली गाडी वापरायची नसेल तर परवाना परत करा, नाहीतर ती रोज धावली असं धरलं जातं.

स्टार प्रचारकाचा प्रवास पक्षाच्या खात्यावर जातो. पण कस्तुरचंद पार्कवरच्या सभेत शहरातल्या सहाही उमेदवारांचे फोटो लावले, तर मंडप-माइकचा खर्च सहा जणांत सारखा वाटला जातो. फ्लेक्सवाल्याने हौसेनं फोटो टाकला की तुमची ४० लाखांतली जागा तेवढी आटली. कोणाचे फोटो घ्यायचे, ते छपाईआधी ठरवा.

गाडीत उमेदवार किंवा कार्यकर्ता असताना ५०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख सापडली तर तपासणी पथक ती जप्त करू शकतं.

निकालानंतर ३० दिवसांच्या आत हिशोब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे गेला पाहिजे. हरलेले आणि अनामत गेलेले उमेदवार नेमके इथे ढिले पडतात, आणि योग्य कारण नसेल तर ३ वर्षांपर्यंत अपात्र ठरू शकतात. वहीसोबत गोषवारा, शपथपत्र, मूळ बिलं आणि बँक स्टेटमेंटची प्रत जोडा. बिलांवर उमेदवाराची किंवा प्रतिनिधीची सही लागते, आणि निकालानंतर उमेदवार हाती लागणं कठीण, म्हणून सह्या रोजच्या रोज घेत चला.