गव्हांकुराची पावडर घरी करताय? या चुका टाळा

गव्हांकुर म्हणजे गव्हाची कोवळी हिरवी पात. पहिली चूक बियाण्यातच होते. कृषी सेवा केंद्रातून पेरणीचा गहू आणला जातो. त्या दाण्यांवरचा लाल-गुलाबी रंग बुरशीनाशकाच्या प्रक्रियेची खूण असते. तो गहू शेतासाठी, पोटासाठी नाही. किराण्यातला खायचा गहू निवडा, रात्रभर भिजवा, फडक्यात बांधून मोड आणा आणि ट्रेमध्ये एकाच थराने पसरा. दाण्यावर दाणा चढला की बुड कुजतं.

तीन-चार दिवसांत मुळांपाशी पांढरी लव दिसते आणि लोक घाबरून अख्खा ट्रे टाकून देतात. मीही एकदा टाकलाय. आधी पाणी शिंपडून बघा. लव दबून नाहीशी झाली तर ती मुळांचीच. करडं जाळं आणि कुबट वास असेल तर मात्र बुरशी. मग पात धुऊन वापरायचा मोह नको.

पात घटातल्या धान्यासारखी पिवळी आली, तर तिला उजेड मिळालेला नाही. ट्रे खिडकीत हलवा. वीतभर वाढली, साधारण सात ते दहा दिवस झाले, की कापा. कांडं धरू लागलेली पात चोथट होते.

पावडर तपकिरी का झाली? बहुतेक वेळा गच्चीवरच्या उन्हामुळे. उष्णतेने हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम सुटतं आणि हिरवा रंग मरतो. ‘क’ जीवनसत्त्वही घटतं. पात सावलीत, वाऱ्यावर वाळवा. चुरचुरीत तुटली तरच मिक्सरला लावा, नाहीतर डब्यात गाठी होतील. पातीत ऐंशी टक्क्यांहून जास्त पाणीच असतं, त्यामुळे किलोभर पातीची पावडर हाती लागते ती जेमतेम ओंजळभर.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे या पावडरीला ‘हिरवं रक्त’ समजणं. हरितद्रव्याची आणि हिमोग्लोबिनची घडण काहीशी सारखी आहे, हे खरं. पण एकाच्या मध्यभागी मॅग्नेशियम, दुसऱ्याच्या लोह, आणि शरीर एकाचं दुसरं करत नाही. चंदीगडच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेचा, थॅलेसेमियाच्या (वारंवार रक्त द्यावं लागणाऱ्या आनुवंशिक आजाराच्या) मुलांवरचा २००४ सालचा अभ्यास जाहिरातींना फार आवडतो. त्यात गव्हांकुराचा रस घेणाऱ्या १६ पैकी ८ मुलांना बाहेरून रक्त कमी द्यावं लागलं होतं. पण तुलनेसाठी वेगळा गट नव्हता, आणि पुढे गव्हांकुराच्या गोळ्या देऊन केलेल्या अभ्यासात तसा फायदा दिसला नाही. म्हणून हिमोग्लोबिन कमी असेल तर आधी तपासणी करा, आणि लोह कमी निघालं तर डॉक्टरांच्या सल्ल्याने लोहाच्या गोळ्याच घ्या. बी-१२ साठीही हिच्या भरवशावर राहू नका. प्रथिनं? चमचाभर, म्हणजे तीन-चार ग्रॅम पावडरीत एक ग्रॅमच्या आसपास. मूठभर फुटाणे बरे.

रक्त पातळ करणारी वॉरफेरिनची गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना सांगितल्याशिवाय हा डबा उघडूच नका. हिरव्या पातीतलं ‘के’ जीवनसत्त्व नेमकं त्या गोळीच्या उलट काम करतं.