मुलीचं नाव 'रमा' ठेवताय? मग आधी एवढं बघून घ्या

ठाण्यात हल्ली बारशाला गेलं की उमा, रमा अशी आजीच्या काळातली दोन अक्षरी नावं परत कानावर येतात आणि मला खरंच खूप आनंद होतो. फक्त ॲपवर 'रमा म्हणजे लक्ष्मी' एवढं वाचून थांबू नका, हे नाव आधी कोणी कोणी लावलंय ते शोधा, उद्या मुलगी विचारेलच.

आधी मूळ बघा. रम् धातू, म्हणजे रमणे, आनंद देणे, त्यातून रमा. रमेश, रमाकांत ही नावं तिच्यावरूनच आलीत. दिवाळीच्या तोंडावर, वसुबारसेच्या आसपास येते ती रमा एकादशी. पत्रिका बघत असाल तर र अक्षर तूळ राशीचं.

मग माणसं. विश्वकोश ऑनलाइन फुकट आहे, आणि ठाणेकरांना तर १८९३ पासूनचं मराठी ग्रंथसंग्रहालय हाताशी आहे, तिथे चरित्रकोश मागा. शोधताना 'रमा' नको, 'रमाबाई' शोधा, जुन्या नोंदी तशाच सापडतात. आणि नाव माहेरचं की सासरचं हे नक्की बघा. रमाबाई रानडे माहेरच्या यमुना, लग्नानंतर रमा झाल्या, नवऱ्याकडून लिहायवाचायला शिकल्या आणि पुढे पुण्यात सेवासदन उभं केलं. पंडिता रमाबाई मात्र जन्मापासूनच रमा, वडील अनंतशास्त्री डोंगरे, त्यांनी बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून लोकांचा रोष ओढवून घेतला आणि लेक आईकडून शिकली, १८७८ ला कलकत्त्याच्या विद्वानांनी तिला 'पंडिता' म्हटलं. मला सगळ्यात जवळची वाटते ती गोष्ट म्हणजे आपल्या कल्याणच्या आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या तेव्हा समारंभाला या रमाबाई इंग्लंडहून गेल्या होत्या. बारशाला हेच सांगा, लोक ऐकत बसतात. रमाबाई आंबेडकर दापोलीजवळच्या वणंदच्या, बाबासाहेब परदेशात शिकत होते तेव्हा गरिबीत घर त्यांनी ओढलं, १९३५ ला गेल्या. माधवराव पेशव्यांच्या रमाबाई १७७२ ला थेऊरला सती गेल्या, ते लपवू नका, मुलगी मोठी झाल्यावर नीट समजावून सांगा.

आता कागदपत्रं. इंग्रजीत आर ए एम ए लिहिलं की शाळेत, बँकेत सगळे 'रामा' किंवा 'राम' वाचणार, शेवटी अजून एक ए लावायचा का ते घरात आधीच ठरवा आणि जन्मदाखला, आधार, पासपोर्ट सगळीकडे तेच स्पेलिंग ठेवा. हॉस्पिटलकडून जन्मनोंद नावाशिवाय गेली असेल तर घाबरू नका, नोंदणीपासून बारा महिन्यांत पालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणी विभागात नाव विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. दाखला हातात आला की काउंटरवरच मराठी आणि इंग्रजी दोन्ही अक्षरं तपासून घ्या.