आयपर्फ3 जोरात, पण आरसिंक रखडतो? डीएससीपी खूण तपासा

लक्षण: कॅम्पसच्या सामायिक नेटवर्कवर दोन सर्व्हरमध्ये आयपर्फ3 (नेटवर्कचा वेग मोजणारं साधन) कधीही लावा, 940 मेगाबिटच्या आसपास आकडा येतो. एसएसएचवरून (सुरक्षित जोडणीतून) फायली पाठवणारा आरसिंक मात्र कामाच्या वेळेत रखडतो, रात्री ठीक चालतो.

टीसीपी बफर वाढवले, सायफर बदलला, केबलही बदलली. फरक शून्य, डोक्याला ताप मात्र भरपूर.

कारण ओपनएसएसएचमध्ये, म्हणजे एसएसएच जोडणी करणाऱ्या प्रोग्राममध्ये आहे. 7.8 (2018) ते 10.0 या आवृत्त्यांत टर्मिनल नसलेल्या सत्राच्या पॅकेटवर सीएस1 ही डीएससीपी खूण (पॅकेटचं प्राधान्य सांगणारी) पडते, आणि नेटवर्कच्या बऱ्याच क्यूओएस (प्राधान्यक्रमाच्या) धोरणांत सीएस1 सर्वांत खालच्या रांगेत जातं. आयपर्फ3 खूण लावतच नाही, म्हणून सुटतो.

खात्री करायला आरसिंक चालू असताना पाठवणाऱ्या यंत्रावर टीसीपीडम्प -व्ही (पॅकेट दाखवणारं साधन) लावा. खुणेच्या टीओएस रकान्यात 0एक्स20 (म्हणजे दशमानात 32) दिसेल. मग भर दुपारी आयपर्फ3 -एस 32 (एस कॅपिटल) देऊन चालवा. तोही रखडला तर चोर सापडला.

आधी नेटवर्कवाल्यांना विचारा. खालची रांग मुद्दाम ठेवलेली असू शकते. परवानगी मिळाल्यावर आपल्या एसएसएच कॉन्फिगमध्ये त्या होस्टखाली ही ओळ घाला:

आयपीक्यूओएस एएफ21 सीएस0

दुसरी किंमत मोठ्या फायलींच्या प्रवाहाची; सीएस0 म्हणजे साधी, बिनप्राधान्याची खूण. खरी मेख पुढे आहे: खूण डेटा पाठवणारी बाजू लावते. तुम्ही फायली खेचत असाल तर हीच ओळ समोरच्या सर्व्हरच्या एसएसएचडी_कॉन्फिगमध्ये हवी, आणि नंतर एसएसएचडी रीलोड. कंट्रोलमास्टर (एकच एसएसएच कनेक्शन पुन्हा पुन्हा वापरण्याची सोय) वापरत असाल तर जुनं कनेक्शन एसएसएच -ओ एक्झिटने (ओ कॅपिटल) बंद करा, नाहीतर जुनीच खूण चालू राहते.