जुन्या बाईकच्या इंजिनचे आवाज: कुठल्या आवाजाला घाबरायचं आणि कुठल्याला नाही

माझी पहिली गाडी सेकंडहँड होती, वीसेक वर्षं जुनी, फोरस्ट्रोक, सिंगल सिलिंडर, एअरकूल्ड. चालू केली की वरून सतत टिकटिकटिक. मला तो आवाज अजिबात सहन होत नव्हता, टॅपेट (वॉल्व ढकलून उघडणारे, गॅप सेट करायचे भाग) वाजतायत एवढं कुठूनतरी कळलं होतं, म्हणून पाना घेतला आणि आवाज पूर्ण बंद होईपर्यंत टॅपेट आवळत गेलो, तेही इंजिन गरम असताना, गॅप न मोजता. गाडी एकदम शांत झाली आणि मला वाटलं काम झालं. काही आठवड्यांनी गरम झाली की स्टार्टच होईना, किक हलकी लागायला लागली, पिकअप गेला. हेड (सिलिंडरच्या वरचा भाग) उघडलं तर एक्झॉस्ट वॉल्वची, म्हणजे जळालेला गॅस बाहेर सोडणाऱ्या वॉल्वची कड एका बाजूने जळून गेलेली.

जुनी गाडी नव्याने घेणाऱ्या प्रत्येकाला मी हे सगळ्यात आधी सांगतो, कारण सगळे आवाजाला घाबरतात आणि मी जे नुकसान केलं ते आवाज घालवून केलं. वॉल्व बंद होऊन सीटवर, म्हणजे हेडमधल्या त्याच्या कडीवर, टेकतो तेव्हाच त्याची उष्णता सीटमधून हेडमध्ये जाते. टॅपेटला गॅपच ठेवली नाही तर वॉल्व पूर्ण टेकत नाही, उष्णता जायला वाट राहत नाही, वर जळता गॅस फटीतून सुटत राहतो आणि कड खाऊन टाकतो. त्यामुळे एकसारखी, हलकी, शिवणाच्या मशीनसारखी टिकटिक ही जुन्या इंजिनची तब्येत ठीक असल्याची खूण समजा. बऱ्याच छोट्या इंजिनांना ही गॅप 0.05 ते 0.10 मिमीच्या आसपास असते, पण तुमच्या गाडीचा आकडा तिच्या मॅन्युअलमधूनच घ्या. मोजायची इंजिन पूर्ण थंड असताना, म्हणजे रात्रभर उभी राहिलेली गाडी, पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकला एकदम वर आणि दोन्ही वॉल्व बंद, आणि फीलर गेजनेच (ठराविक जाडीच्या पातळ पट्ट्या) मोजायची, कानाने नाही. टिकटिक अचानक वाढली किंवा एकच टिक बाकीच्यांपेक्षा जोरात यायला लागली तर मात्र गॅप बघा, लॉकनट सैल झालेला असू शकतो. आणि नेहमी वाजणारे टॅपेट हळूहळू आपोआप शांत झाले तर त्याच दिवशी बघा, वॉल्व सीटमध्ये रुतत चाललाय की गॅप संपत येते.

तेव्हापासून मी आवाज किती मोठा आहे यापेक्षा तो कधी बदलतो हे बघायला लागलो. थंड असताना येतो की गरम झाल्यावर, लोडवर येतो की मोकळ्या रेसला, क्लच दाबला की जातो का, आरपीएमबरोबर वाढतो की गाडीच्या स्पीडबरोबर. एवढ्या चार प्रश्नांत निम्मं निदान होतं, आणि मेकॅनिककडे जाऊन "गाडी आवाज करते" एवढंच सांगण्यापेक्षा ही उत्तरं घेऊन गेलात तर त्याचंही काम सोपं होतं.

पण त्याच्याही आधी हाताने तपासा. सायलेन्सरचं कव्हर, चेनकव्हर, इंजिन माउंटिंगचे बोल्ट, टाकीखालचे रबर, साइड स्टँड, यातलं काहीही सैल असलं तर एका ठराविक आरपीएमला असा काही खडखडाट करतं की वाटतं इंजिनच गेलं. सायलेन्सरच्या भागांना हात इंजिन थंड असताना लावा. एअरकूल्ड इंजिनच्या फिन्समधले छोटे रबर निघून पडले असतील तरी किणकिण असा धातूचा नाद येतो, त्याने काही बिघडत नाही. आणि गाडी बंद केल्यावर टिक... टिक... असं थांबून थांबून येतं ते गरम पाइप आणि फिन्स आकसण्याचं असतं, त्याने कोणीही काळजी करू नये.

एक्झॉस्टचा लीक हुबेहूब टॅपेटसारखा वाजतो, यात खूप लोक फसतात. हेडला पाइप जोडला जातो तिथलं गॅस्केट गेलं की टिकटिक किंवा फुसफुस येते, जॉइंटजवळ काळी काजळी दिसते, आणि रेस सोडल्यावर फटाके फुटल्यासारखे आवाजही येऊ शकतात. थंड इंजिन चालू करून लगेच जॉइंटपासून थोडा लांब हात धरा, हवेचे झटके लागले तर लीक तिथेच आहे. पाइप भराभर तापतो त्यामुळे हे पहिल्या काही सेकंदातच करायचं, हात टेकवायचा नाही. सैल प्लगसुद्धा असाच आवाज करतो, तोही बघून घ्या.

सकाळी पहिल्यांदा चालू केल्यावर सिलिंडरमधून पोकळ ठकठक येत असेल आणि पाचेक मिनिटांत कमी होत जात असेल तर तो बहुतेक पिस्टन स्लॅप, म्हणजे पिस्टन सिलिंडरच्या भिंतीवर आपटणं. पिस्टन ॲल्युमिनियमचा आणि स्लीव्ह (सिलिंडरचं आतलं अस्तर) लोखंडी असेल तर गरम झाल्यावर पिस्टन जास्त फुगतो आणि मधली फट कमी होते, म्हणून आवाज जातो. जुन्या गाडीत हा आवाज घेऊन वर्षानुवर्षं चालवणारे लोक आहेत. गरम झाल्यावरही राहिला आणि सोबत निळा धूर, ऑइल कमी होणं सुरू झालं की मग बोअर-पिस्टनचं काम निघालं समजा.

क्लचची टेस्ट मला सगळ्यात आवडते कारण तिला काहीच लागत नाही. गाडी न्यूट्रलला, इंजिन चालू, क्लच सोडलेला, घरघर येते. लिव्हर दाबला आणि घरघर गेली, तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग किंवा क्लच बास्केट (क्लच प्लेट्स बसतात तो डबा) यांच्याकडे बोट जातं, कारण क्लच दाबल्यावर इंजिन गिअरबॉक्सला फिरवत नाही. थोडी घरघर जुन्या गाडीत असतेच, महिन्यामहिन्याला वाढत गेली तर लक्ष द्या. ट्विन सिलिंडर गाडीत दोन कार्ब्युरेटर सारखे सेट नसले तरी आयडलला क्लचच्या बाजूने खडखड येते आणि जरा रेस दिली की गायब होते, तिथे क्लच उघडण्याआधी दोन्ही कार्ब्युरेटर एकसारखे सेट (सिंक) करून बघा, खर्चही वाचेल आणि वेळही.

कॅमचेनला, म्हणजे वॉल्व चालवणाऱ्या कॅमला क्रँकवरून फिरवणाऱ्या इंजिनच्या आतल्या चेनला, मी आवाजांच्या मधल्या गटात ठेवतो. सिलिंडरच्या ज्या बाजूने चेन वर जाते तिथून खरखर, चळचळ असा आवाज येतो, स्टार्ट केल्या केल्या किंवा मधल्या आरपीएमवरून रेस सोडताना जास्त. टेन्शनर (चेन ताणून धरणारा भाग) ॲडजस्ट होणारा असेल तर करून घ्या, आपोआप ताणणारा असेल तर तो अडकलाय का बघा. सगळं करूनही राहिला तर चेनच ताणली गेलीय. हे पुढे ढकलू नका, चेनने दात सोडला तर वॉल्व आणि पिस्टन एकमेकांवर आदळू शकतात आणि मग काम कित्येक पटीने वाढतं.

आता ज्या आवाजाला गाडी जागीच थांबवायची तो. बिग एन्ड, म्हणजे कनेक्टिंग रॉडचं खालचं बेअरिंग. टॅपेटची टिकटिक वरून, पातळ आणि टोकदार असते. बिग एन्डचा ठोका खालून, जड आणि बोथट येतो, जाड लाकडावर हातोडी मारल्यासारखा. गरम झाल्यावर ऑइल पातळ होतं तसा हा वाढतो, म्हणजे पिस्टन स्लॅपच्या बरोबर उलटा, आणि लोडवर किंवा ॲक्सिलरेटर किंचित उघडबंद करताना स्पष्ट कळतो. मेन बेअरिंगचा त्याहून खोल, गडगडल्यासारखा असतो, तो कानाआधी फूटरेस्टमधून पायाला कळतो. यातलं काहीही वाटलं तर "घरापर्यंत नेतो" करू नका, खरंच. गाडी ढकलत न्या. रॉड तुटून क्रँककेस फोडून बाहेर येऊ शकतो आणि मागचं चाक लॉक झालं तर तुम्ही पडता.

चढावर मोठ्या गिअरमध्ये कमी आरपीएमला रेस दिली की डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो ते पिंगिंग, म्हणजे पेट्रोल नीट जळण्याऐवजी अवेळी भडकणं. आधी एक गिअर खाली टाका, जायला हवं. पुन्हा पुन्हा येत असेल तर इग्निशन टायमिंग पुढे गेलंय का (ठिणगी लवकर पडते का), मिक्श्चर लीन आहे का (पेट्रोल कमी, हवा जास्त), हेडमध्ये कार्बन साठलाय का, इंजिन जास्त तापतंय का हे बघून घ्या. बरेच दिवस दुर्लक्ष केलं तर पिस्टनला भोक पडू शकतं.

टूस्ट्रोकवाल्यांनी एक लक्षात घ्या, तिथे टॅपेट नसतातच. कमी लोडवर अधूनमधून फायर चुकल्यासारखा अडखळणारा आवाज आणि रेस सोडल्यावर पिस्टनची थोडी खळखळ ही नेहमीची गोष्ट. पण जोरात चालवताना आवाज कोरडा, टोकदार झाला आणि गाडी आपोआप ओढ सोडायला लागली तर क्षणभरही न थांबता क्लच दाबा, पिस्टन सीझ व्हायच्या, म्हणजे सिलिंडरमध्ये अडकून बसायच्या बेतात असतो. म्हणूनच जुनी टूस्ट्रोक चालवताना माझी दोन बोटं कायम क्लचवर असतात.

आवाज नेमका कुठून येतो ते शोधायला लांब स्क्रूड्रायव्हर पुरतो. टोक इंजिनच्या केसवर, मूठ कानाजवळच्या हाडावर, आणि एकेक जागा ऐकत जायचं: हेड, सिलिंडर, क्लच कव्हर, खालचं केस. चेन आणि प्लगच्या वायरपासून लांब राहा, बाह्या सैल नकोत. आणि मोठ्या कामाला हो म्हणण्याआधी ऑइल काढून बघा. ड्रेन बोल्टच्या मॅग्नेटवर करडी मऊ पेस्ट असेल तर ती नेहमीची झीज. चमकणारे पापुद्रे किंवा बोटाला टोचणारे कण सापडले तर बेअरिंग किंवा गिअर सुटतोय, पितळी रंगाचे असतील तर एखादा बुश (शाफ्टभोवतीची नळी). ते ऑइल एका स्वच्छ बाटलीत भरून सोबत न्या आणि गाडी उघडणाऱ्याला इंजिन चालू करायच्या आधी दाखवा.