जुनं कपाट घरी आणलंय? या चुका टाळा

मुंबईत जुनं लाकडी कपाट घरात येतं ते दोन वाटांनी. गिरगाव-दादरकडची एखादी इमारत पुनर्विकासाला जाते आणि आजोबांच्या वेळची काचेची शोकेस कोणी न्यायची यावर भावंडांत बोलणी सुरू होतात. नाहीतर चोर बाजारात मटण स्ट्रीटवर किंवा ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात एखादं कपाट नजरेत भरतं. वाट कुठलीही असो, पन्नास-साठ पावसाळे बघितलेलं हे लाकूड बिघडतं ते बहुतेक वेळा नव्या घरातल्या पहिल्याच वर्षात. तेही वाळवीने नाही, तर आपल्या दुरुस्तीच्या घाईने. अस्सल सागाचं कपाट असं हकनाक खराब झालेलं बघितलं की फार हळहळ वाटते.

पावसाळ्यात खण अडकला, म्हणून रंधा मारणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. जुलैमध्ये खण अर्ध्यावर येऊन थांबतो, खालचं दार चौकटीला घासतं. सुतार येतो, दोन हात रंधा मारतो आणि काम फत्ते. मग डिसेंबर-जानेवारीत हवा कोरडी झाली की त्याच खणाच्या वर डोळ्यात भरणारी फट दिसते आणि खण डुगडुगायला लागतो. काढलेलं लाकूड परत येत नाही.

लाकूड हवेतला दमटपणा शोषून फुगतं, पण सगळीकडून सारखं नाही. रेषांच्या दिशेने, म्हणजे लांबीत, ते जवळजवळ वाढतच नाही. रेषांना आडवं, म्हणजे रुंदीत, ते फुगतं. खणाच्या दर्शनी फळीच्या रेषा आडव्या असतात, त्यामुळे फळी उंचीत वाढते. आठ इंच उंचीच्या सागाच्या फळीत मिलिमीटरभर फरक सहज पडतो आणि खण अडकायला तेवढा पुरतो.

अशा वेळी खण पूर्ण बाहेर काढा, रिकामा करा आणि उलटा धरून उजेडात बघा. जिथे घासतंय तिथे लाकूड गुळगुळीत आणि चकचकीत झालेलं दिसेल. तेवढ्याच जागेवर, आणि आत खण ज्या पट्टीवर सरकतो तिच्यावर, साधी पांढरी मेणबत्ती घासा. तेल लावू नका. तेलावर धूळ बसते, चिकटा होतो आणि लाकूड काळं पडतं. मेणाने भागलं नाही तर खण थोडा बाहेर ओढून ठेवा आणि पाऊस संपायची वाट बघा. थंडीतही तो अडकत असेल, तरच सुताराला बोलवा.

याच्याच उलटी चूक थंडीत होते. दाराच्या चौकटीत बसवलेली फळी आकसते आणि कडेला पातळ फट दिसते. ती फट लांबी (पुट्टी) भरून किंवा डिंक लावून बंद केली की पुढच्या पावसाळ्यात फळीला फुगायला जागाच उरत नाही. मग फळी तरी तडकते, नाहीतर चौकटीचे सांधे उघडतात. जुन्या कारागिरांनी ती फळी खोबणीत मुद्दाम मोकळी ठेवलेली असते. तिला तसंच राहू द्या.

गणपतीच्या आधी पॉलिश

सणाच्या आधी घर चकाचक व्हावं असं वाटणं साहजिक आहे. पण श्रावण-भाद्रपदातली मुंबईची हवा पॉलिशला अजिबात मानवत नाही. जुन्या कपाटांवर बहुधा लाखेचं फ्रेंच पॉलिश असतं. लाख स्पिरिटमध्ये विरघळवून ते हाताने चोळून चढवतात. दमट हवेत स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतलं पाणी त्यावर धरतं आणि पॉलिशवर दुधी झाक येते. घाईच असेल तर गणपतीसाठी नुसत्या कोरड्या मऊ फडक्याने पुसा. पॉलिशचं काम डिसेंबर ते फेब्रुवारीत काढा.

पॉलिश खरवडून टाकायचं का, हा पुढचा प्रश्न. कापसाच्या बोळ्यावर थोडं स्पिरिट घ्या आणि कपाटाच्या आतल्या कोपऱ्यात, कुणाला दिसणार नाही अशा जागी, हलकेच टेकवा. पृष्ठभाग चिकट झाला तर ती लाख आहे. मग मशीनने घासायची गरजच नाही, कारण जुन्या लाखेवर नवी लाख छान एकजीव होते. साफ करून दोन-तीन हात चढवले तरी कपाट उजळतं. पॉलिश पेपरने खोलवर घासलं की वर्षानुवर्षांच्या हवेने आणि हाताळणीने आलेला गडद तांबूस रंग निघून जातो, कोरीव कामाच्या कडा बोथट होतात. वर विनियर, म्हणजे चिकटवलेला लाकडाचा पातळ पापुद्रा असेल, जसा १९३०-४०च्या गोल कोपऱ्यांच्या शोकेसवर बऱ्याचदा असतो, तर तो पार झिजून आतलं लाकूड उघडं पडतं.

कपाट पॉलिशचं नसून ऑइलपेंट लावलेलं असेल तर जास्त जपा. जुन्या रंगांत शिसं असायचं. घरगुती रंगांतल्या शिशावर आपल्याकडे ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) सक्तीची मर्यादा आली तीच मुळी २०१७ मध्ये. असा रंग घरात कोरडा घासू नका, आणि लहान मूल किंवा गरोदर बाई घरात असेल तर मुळीच नाही.

पितळी मुठी आणि कड्या घासायच्या असतील तर आधी स्क्रू काढून त्या सोडवून घ्या. जागेवरच पितांबरी, चिंच किंवा ब्रासो लावलं की पितळ चमकतं खरं, पण भोवतीच्या लाकडावर डाग पडतो.

भोकं दिसली की रॉकेल

लाकडावर टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं दिसली की घरात घबराट होते. भोक म्हणजे भुंगा बाहेर पडून गेल्याची खूण. तो कदाचित वीस वर्षांपूर्वी गेला असेल. आधी जिवंत कीड आहे का ते बघा. खाली काळा कागद पसरा, लाकडावर हलकेच ठोका, कागद झटकून पुन्हा पसरा आणि काही आठवडे तसाच ठेवा. पिठासारखा ताजा भुसा पडला तर कीड चालू आहे. नाही पडला तर भोकांत रंग मिसळलेलं मेण भरा आणि निश्चिंत व्हा.

रॉकेल ओतून डाग पडतात, वास महिनोन्‌महिने जात नाही, घरात आग लागायचा धोका वाढतो आणि आतली अळी बहुधा वाचतेच. कीड चालू असेल तर लाकडाचं औषध सिरिंजने भोकांत सोडायला लागतं. वरून फवारलेलं औषध पॉलिशवरच राहतं. वाळवीची खूण वेगळी असते. मातीची बारीक नळी आणि ठोकल्यावर पोकळ आवाज. मातीच्या नळ्या भिंतीतून येत असतील तर कपाटावर खर्च करण्याआधी भिंतीवर उपाय करा. सागाचा गाभा वाळवीला सहसा दाद देत नाही, पण कडेचा फिकट भाग तिला चालतो. म्हणून कपाटाची मागची बाजू आणि पायांची तळं आधी तपासा.

घेताना आणि मांडताना

दुकानदार 'शंभर वर्षं जुनं' म्हणाला तर खण काढून मागून बघा. डोक्यावर फुलीसारखी खाच असलेले स्क्रू १९३०च्या दशकात आले आणि सपाट, तरंगरहित फ्लोट काच १९५९ नंतरची. नंतरच्या दुरुस्तीत दोन्ही आलेली असू शकतात, पण सगळे स्क्रू तसेच असतील तर भाव पाडून मागा. वरची शोकेस आणि खालचं कपाट दोन वेगळ्या वस्तूंचं जोडकाम नाही ना, हे पाठीमागच्या फळ्या जुळवून कळतं. जिना आणि लिफ्टचं माप मात्र पैसे देण्याआधी घ्या. मोठी कपाटं बऱ्याचदा पाचरी काढून सुटी होतात, ते माहीत असलेलाच माणूस बोलवा.

कपाट पश्चिमेच्या ओल येणाऱ्या भिंतीला चिकटवू नका, मागे दोन इंच हवा खेळू द्या. फरशी पुसताना पाय भिजतात आणि पायाचं तळ पाणी वर ओढतं, तेव्हा तळाला पॉलिशचा हात द्या. पितळी समया आणि तांब्या-कळशा वरच्या फळीवर नकोत. आधाराविना फळीची लांबी दुप्पट झाली की तेवढ्याच वजनाखाली झोल आठपट येतो. उंच शोकेस भिंतीला क्लॅम्पने बांधाच, घरात लहान मूल असेल तर आजच. नव्या टॉवरमधल्या हलक्या ब्लॉकच्या भिंतीत साधा प्लग धरत नाही, त्या भिंतीसाठीचा वेगळा प्लग मागून घ्या.

परदेशातल्या मुलाकडे जुनी वस्तू पाठवायचा बेत असेल तर थांबा. १९७२च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. त्यापेक्षा नवी असली तरी ती पुरावस्तू नसल्याचं भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं प्रमाणपत्र लागू शकतं, आणि शिसवी लाकडाच्या वस्तूला २०१७ पासून आंतरराष्ट्रीय नियमांची वेगळी कागदपत्रं. पॅकिंगवाल्याला आगाऊ रक्कम देण्याआधी एवढं विचारून घ्या.